दरड कोसळण्याआधी कडा वाचता येतो

चांदवडमध्ये उभे राहून मान वर केली की किल्ल्याचा काळा कडा दिसतो. मालेगावकडे निघालो की राहूड घाट लागतो. हे डोंगर आपण रोज पाहतो. पण त्यांच्या भेगा कोण मोजतो?

हा सगळा प्रदेश सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. थरावर थर साचले. लाव्हा थंड होताना कातळाला उभ्या भेगा पडल्या. दोन कठीण थरांमधला मऊ थर पावसाने झिजतो, वरचा कातळ अधांतरी राहतो आणि एके दिवशी भेगेवर सुटून खाली येतो.

पूर्वी भूवैज्ञानिक होकायंत्र घेऊन कड्याला हात लावून भेगा मोजत. धोकादायक कड्याजवळ ते शक्य नसते. आता त्रिमितीय स्कॅनर दूर उभा करतात. तो सेकंदाला हजारो लेसर झोत सोडतो. झोत परत यायला लागलेल्या वेळेवरून अंतर कळते आणि लाखो बिंदूंतून कड्याची हुबेहूब प्रतिकृती संगणकावर उभी राहते. तिच्यावर प्रत्येक भेगेची दिशा, उतार आणि दोन भेगांमधले अंतर मोजता येते. भेगेचा उतार दरीकडे असेल तर धोका जास्त. काही महिन्यांनी पुन्हा स्कॅन केले की कडा किती सरकला तेही दिसते.

याला मर्यादाही आहेत. कातळाच्या पोटातले पाणी लेसरला दिसत नाही आणि दाट झाडी आड येते. माळीण (30 जुलै 2014) आणि इर्शाळवाडी (19 जुलै 2023) इथे माती, दगड, पाणी असे सगळेच घसरले. तिथे कड्याबरोबर पाऊस आणि मातीचाही अभ्यास लागतो.

इर्शाळवाडी ही आदिवासींची वाडी. दुर्घटनेनंतर सरकारनेच सांगितले की ती दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती. आमचा मुद्दा इथेच आहे. यंत्र आहे, ज्ञान आहे. पण ते कोणाच्या डोंगराकडे वळते? महामार्ग आणि मोठी देवस्थाने यांच्यासोबत पायथ्याच्या वस्त्याही तपासल्या गेल्या पाहिजेत.

म्हणून तरुणांनी पावसाळ्याआधी ग्रामसभेत विचारावे: आपला डोंगर तपासला का? अहवाल कुठे आहे? नव्या भेगा, कललेले खांब, अचानक गढूळ झालेला झरा यांची तारीख टाकून नोंद ठेवावी, फोटो काढावेत आणि तहसीलदारांना लेखी द्यावे.

नाशिकची त्रिरश्मी लेणी याच काळ्या पाषाणात कोरलेली आहेत. कातळ पारखणारे हात इथे दोन हजार वर्षांपूर्वी होते. आज ती पारख वस्ती वाचवण्यासाठी वापरायची आहे.