लाल डोळा म्हणजे दरवेळी ‘डोळे येणे’ नव्हे

जुलै-ऑगस्ट 2023 मध्ये महाराष्ट्रभर डोळ्यांची साथ आली, ती विषाणूंची. डोळे चिकटतात, पाणी वाहतं, आणि आठवड्या-दोन आठवड्यांत बहुतेकांचं आपोआप बरं होतं. नुसतं बघून साथ लागत नाही, काळ्या चष्म्याने थांबतही नाही. ती पसरते हातातून, घरातल्या एकाच टॉवेलमधून आणि हो, एकाच सुरमादाणीच्या सळईतून. डोळे आलेत तोवर सुरमा बंदच ठेवा. वुजू नळाखाली करा, रुमाल ज्याचा त्याचा.

आम्हा शिक्षकांना जास्त धास्ती वाटते ती दुसऱ्या लालीची. चिपड नाही, पण डोळा ठणकतो, उजेड सहन होत नाही, फळ्यावरचं धूसर दिसतं. ही आतली सूज असू शकते, डॉक्टर तिला युव्हिआयटिस म्हणतात. किंवा बुबुळावर जखम असते. अशा वेळी शेजारच्या खालांकडची उरलेली बाटली घालू नका. तिच्यात स्टिरॉइड असेल तर लाली उतरते, घरचे खूश होतात, आणि जखमेतला जंतुसंसर्ग आत वाढत राहतो. नजर जाऊ शकते. परळचं केईएम, भायखळ्याचं जे. जे., दोन्हीकडे नेत्रविभाग आहे. त्याच दिवशी केसपेपर काढा.