कर्नलने पत्ता तपासलाच पाहिजे
सप्टेंबर २०१७ मध्ये लिनक्स कर्नलची ४.१३ ही आवृत्ती आली, तेव्हा तिच्यातल्या ‘वेटआयडी’ या सिस्टीम कॉलमधून एक तपासणी गळून गेली होती. या कॉलचं काम तसं साधं. प्रोग्रॅमने सुरू केलेली एखादी प्रक्रिया संपली, की ती कशी संपली हे कर्नलने त्याला कळवायचं. उत्तर मेमरीत कुठे लिहायचं, तो पत्ता प्रोग्रॅमच देतो.

धोका या पत्त्यात आहे. कर्नलच्या मेमरीला हात लावायला गेलेल्या प्रोग्रॅमला प्रोसेसर तिथल्या तिथे अडवतो. कर्नलला मात्र कुणी अडवत नाही. तहसील कचेरीतल्या कारकुनाकडे सगळ्या कपाटांच्या किल्ल्या असतात. अर्जदाराने चिठ्ठीवर भलत्याच कपाटाचा नंबर लिहिला आणि कारकुनाने न पाहता ते उघडलं, तर कुलपांचा उपयोग काय? ४.१३ मध्ये हेच झालं. कर्नलचाच पत्ता दिला, तर कर्नल स्वतःच्याच मेमरीवर लिहून मोकळं होत होतं. साध्या वापरकर्त्याला त्यातून संपूर्ण यंत्राचा ताबा मिळवता येत होता. ऑक्टोबरात दुरुस्ती आली. फेब्रुवारी २००८ मध्ये ‘व्हीएमस्प्लाइस’ या कॉलमध्येही असाच न तपासलेला पत्ता सापडला होता.

जी तपासणी राहिली, तिचं नाव ‘ॲक्सेस ओके’. ती एवढंच पाहते, की दिलेला पत्ता आणि तिथून पुढची लांबी वापरकर्त्याच्या हद्दीत बसते का. नेहमीच्या ६४-बिट इंटेल यंत्रावर ही हद्द खालच्या १२८ टेराबाइटची. लांबी मुद्दाम अवाढव्य दिली, तर बेरीज उलटून पुन्हा लहान आकडा दिसू शकतो. म्हणून ही तुलनाही जपून लिहावी लागते. त्या पत्त्यावर खरोखर काही आहे का, हे ती पाहत नाही. ते प्रत्यक्ष लिहिताना प्रोसेसर सांगतो आणि जागा वापरता येण्याजोगी नसेल, तर कर्नल न कोसळता प्रोग्रॅमला चूक कळवतं.

पूर्वी ‘ॲक्सेस ओके’ला वाचायचंय की लिहायचंय हेही सांगावं लागे. कारण इंटेलचा १९८५ चा ३८६ प्रोसेसर. मेमरीचं एखादं पान ‘फक्त वाचण्यासाठी’ असलं, तरी कर्नल लिहायला गेलं की तो ती खूण मानत नसे. म्हणून लिहिण्याआधी कर्नलला स्वतःच पानं तपासावी लागत. ४८६ मध्ये ही उणीव भरून निघाली, लिनक्सने ३८६ चा आधारही सोडला, तरी तो निरुपयोगी तपशील कोडमध्ये २०१९ पर्यंत टिकला.

मग २०१७ मध्ये तपासणी गळाली कशी? वेगापायी. नव्या प्रोसेसरवर वापरकर्त्याची मेमरी एरवी कर्नललाही बंद असते. ती क्षणभर उघडून काम उरकायचं असतं. दर वेळी उघडमिट नको, म्हणून एकदाच उघडून सगळे आकडे लिहायची पद्धत आली. त्या लिहिण्यात तपासणी नव्हती, ती आधी स्वतंत्र करायची होती, आणि तीच राहिली. कोड लिहिणाऱ्याच्या आठवणीवर सोडलेली सुरक्षा कधी ना कधी दगा देणारच, असं माझं ठाम मत आहे. २०१९ मध्ये आलेल्या ५.० आवृत्तीत मेमरी उघडणाऱ्या फंक्शनमध्येच तपासणी घातली गेली. पत्ता हद्दीबाहेरचा असेल, तर आता मेमरी उघडतच नाही. हाच खरा उपाय होता.

ड्रायव्हर लिहायला शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना एकच विनंती: वापरकर्त्याकडून माहिती घेताना ‘कॉपी फ्रॉम यूजर’ हेच फंक्शन वापरा. त्याच्याच नावाचं, पण सुरुवातीला दोन अंडरस्कोअर असलेलं रूप हद्द तपासत नाही. थोड्या वेगासाठी त्याच्या वाटेला जाऊ नका.