चौतीस हजार व्होल्टांची पळवाट

भाद्रपदात अण्णांचा फोन आला. "मशीन पुन्हा बसलं रे. चालू होतं, कडकड वाजतं आणि दोन सेकंदांत बंद. तीनदा तसंच करतं, मग लाल दिवा. कोजागिरीला वाडीतली सगळी माणसं जमणार आहेत. तू ये बाबा."

अण्णांचं 'मशीन' म्हणजे तीन नळ्यांचा जुना सीआरटी प्रोजेक्टर. गावागावांत व्हिडिओ चालायचे त्या काळात त्यांनी तालुक्याच्या गावी हॉल थाटला होता. हॉल केव्हाच बंद झाला. प्रोजेक्टर मात्र त्यांनी भंगारात दिला नाही. तो उचलायला चार माणसं लागतात, पण त्याच्याइतका खरा काळा रंग पडद्यावर आजही फार थोडी यंत्रं दाखवतात. अंधार दाखवायचा असेल तिथे ही नळी प्रकाशच टाकत नाही, म्हणून तो काळा इतका गडद असतो.

हे यंत्र पाहिलेली माणसं आता कमी होत चालली आहेत. समोर तीन भिंगं: लाल, हिरवं, निळं. प्रत्येक भिंगामागे एक छोटी पिक्चर ट्यूब, साधारण सात ते नऊ इंचांची, आणि ती एकच रंग देते. तिन्ही चित्रं पडद्यावर एकमेकांवर तंतोतंत बसली की रंगीत चित्र तयार होतं. अमेरिकेत हेन्री क्लॉस यांनी १९७२ साली 'अॅडव्हेंट व्हिडिओबीम' घरगुती ग्राहकांसाठी बाजारात आणला, तोही तीन नळ्यांचाच होता. पुढे बेल्जियमची बार्को, जपानची सोनी, कॅनडाची इलेक्ट्रोहोम अशा कंपन्यांनी ही यंत्रं सभागृहांपर्यंत आणि विमानचालकांच्या सिम्युलेटरपर्यंत नेली.

सात इंचांच्या काचेवरचं चित्र शंभर इंचांच्या पडद्यावर पसरवायचं, म्हणजे मूळ चित्र डोळे दिपवणारं हवं. घरच्या जुन्या, नळीच्या रंगीत टीव्हीत पडद्यामागे बारीक छिद्रांची जाळी असे आणि बहुतेक इलेक्ट्रॉन त्या जाळीवरच आपटून वाया जात. प्रोजेक्टरच्या नळीत जाळी नसते, सगळे इलेक्ट्रॉन फॉस्फरपर्यंत पोचतात. तेवढ्यानेही भागत नाही. त्यांना जोरात खेचावं लागतं, आणि त्यासाठी नळीच्या अॅनोडवर प्रचंड विद्युतदाब लागतो. घरच्या टीव्हीत तो वीस-पंचवीस हजार व्होल्ट असे. अण्णांच्या यंत्रात चौतीस हजार. आम्ही मेकॅनिक लोक त्याला 'ईएचटी' म्हणतो.

नळीच्या टीव्हीत ही ईएचटी 'एलओटी'मधून, म्हणजे लाइन आउटपुट ट्रान्सफॉर्मरमधून मिळते. इलेक्ट्रॉनांचा झोत आडव्या रेषा काढतो, सेकंदाला १५,६२५. दर रेषेच्या शेवटी झोत झटकन मागे येतो आणि त्या झटक्यातली ऊर्जा ट्रान्सफॉर्मर उचलून धरतो. प्रोजेक्टरला मात्र कधी व्हिडिओ, कधी संगणक अशी वेगवेगळ्या वेगाची चित्रं दाखवावी लागत. म्हणून मोठ्या प्रोजेक्टरांत ईएचटीचा कारखानाच वेगळा ठेवत: राळेत ओतून बंद केलेला एक जड ब्लॉक, त्याच्या शेजारी तीन तोंडांचा स्प्लिटर, आणि तिथून तिन्ही नळ्यांना जाणाऱ्या जाड केबली. जुन्या टीव्हीत डायोड आणि कॅपॅसिटर यांच्या शिडीने व्होल्टेज पायरीपायरीने चढवणारा 'ट्रिपलर' असे. केंब्रिजमध्ये कॉकक्रॉफ्ट आणि वॉल्टन यांनी १९३२ साली लिथियमचा अणुगर्भ फोडला तो अशाच शिडीवर व्होल्टेज चढवून. १९५१चं नोबेल त्यांना त्या कामासाठी मिळालं. टीव्हीचा ट्रिपलर बदलताना मला हे दरवेळी आठवतं आणि हाताशी असलेल्या वस्तूबद्दल आदर वाटतो.

अण्णांकडे पोचल्यावर मी यंत्र उघडलं नाही. आधी प्रश्न विचारले.

"अण्णा, बंद पडायला लागलं त्याआधी उजळ दृश्य आलं की चित्र फुगायचं का?"

"छे. चित्र एकदम ताठ."

हे महत्त्वाचं होतं. ईएचटी कमी पडली की इलेक्ट्रॉन मंदावतात, झोत फिरवणारा चुंबक त्यांना जास्त वळवू शकतो आणि चित्र मोठं होतं. व्होल्टेज दहा टक्क्यांनी उतरलं तर चित्र साधारण पाच टक्क्यांनी फुगतं, फोकसही जातो. चित्र ताठ होतं, म्हणजे ब्लॉकचं नियंत्रण बहुधा शाबूत होतं.

"उन्हाळ्यात चालायचं?"

"मे महिन्यात सलग तीन तास चाललं. मिरग लागला आणि रडायला लागलं. गेल्या वर्षीही असंच."

हा धागा मी मनात ठेवला आणि मग हत्यारं काढली.

इथे वाचकांना हात जोडून सांगतो, की हा लेख वाचून कुणी असं यंत्र उघडू नये. प्लग काढला तरी ट्यूब भरलेली राहते, कारण आतलं आणि बाहेरचं काळं ग्रॅफाइट आणि मधली काच मिळून कॅपॅसिटरच बनतो. तो मोकळा करायला मी लांब दांड्याच्या टोकाला उच्च व्होल्टेजचे रेझिस्टर जोडून चॅसिसला अर्थ केलेली काठी वापरतो. नुसता स्क्रूड्रायव्हर टेकवला तर जो झटका बसतो त्याने आजूबाजूच्या आयसी जातात. एकदा मोकळी करून भागतही नाही. काचेत मुरलेला भार हळूहळू परत वर येतो, म्हणून दहा मिनिटांनी पुन्हा काठी लावायची. आणि लोकांना सहसा माहीत नसलेली गोष्ट अशी, की जास्त जीवघेणं ते चौतीस हजार नसतंच. ट्यूबमध्ये साठलेली ऊर्जा साधारण अर्धा ज्यूल. पॉवर सप्लायच्या मोठ्या कॅपॅसिटरवर सव्वातीनशेच व्होल्ट असतात, पण तिथे वीस-पंचवीस ज्यूल सहज साठतात. ईएचटीच्या धक्क्याने माणूस मागे फेकला जातो, आणि फेकला जाताना हात त्या कॅपॅसिटरवर पडला तर संपलं. म्हणून माझा एक नियम आहे. एकट्याने काम करायचं नाही. अण्णांच्या नातीला मी बोर्डाजवळ उभं केलं आणि सांगितलं, "बोट बटणावरून काढायचं नाही. मी 'बंद' म्हटलं किंवा मी गप्प झालो, तर लगेच बंद कर."

आधी कमी व्होल्टेजचे सगळे सप्लाय मोजले, ठीक होते. मग डिफ्लेक्शन. झोत आडवा-उभा फिरत नसेल तर एकाच जागी थांबून फॉस्फर जाळेल, म्हणून डिफ्लेक्शन गेलं तरी यंत्र ईएचटी तोडतं. तेही ठीक होतं. ड्राय सोल्डरही सापडला नाही.

मग वजाबाकी सुरू केली. तिन्ही केबली स्प्लिटरमधून काढल्या, काढलेल्या टोकांना अर्थ केलं, मोकळ्या तोंडांवर इन्सुलेटेड बुचं बसवली. हवेचं इन्सुलेशन दर मिलिमीटरला साधारण तीन हजार व्होल्टांना फुटतं, अणकुचीदार टोकाशी त्याहूनही आधी. त्यामुळे इथे एकही तोंड उघडं ठेवता येत नाही. उच्च व्होल्टेज मोजायचा प्रोब, यंत्र बंद असतानाच, जोडला. त्यात एक हजार मेगओहमचा रोध असतो आणि मीटरवर हजारावा भाग दिसतो. चालू केलं. मीटरवर चौतीस. पाच मिनिटं झाली, दहा झाली, यंत्र चालूच. ब्लॉक निर्दोष ठरला. अण्णांनी इतका वेळ रोखलेला श्वास सोडला, कारण तो ब्लॉक आता कुठे मिळणार? मुंबईच्या लॅमिंग्टन रोडच्या बाजारात नाही, पुण्याच्या तपकीर गल्लीतही नाही.

लाल नळी जोडली, यंत्र चालू राहिलं. निळी जोडली, तरी चालू. हिरवी जोडली आणि कडकड, बंद. हिरवीची केबल लालच्या तोंडात घातली, तरी बंद. म्हणजे स्प्लिटर सुटला आणि चोर हिरव्या नळीकडे निघाला.

आता दोनच शक्यता उरल्या. एक, नळीच्या आत झोत बेफाम वाहतो आहे. व्हिडिओ अॅम्प्लिफायर बिघडला की असं होतं. दुसरी, वीज नळीच्या बाहेरून पळते आहे. मी हिरव्या नळीच्या गळ्यावरचा नेक बोर्ड काढून ठेवला. आता फिलामेंट तापणार नाही, त्यामुळे झोतच निघणार नाही. तरीही यंत्र बंद पडलं. म्हणजे वीज बाहेरूनच पळत होती.

याच टप्प्यावर अनेकांनी दिलेला सल्ला मला आठवतो: प्रोटेक्शनची वायर तोड, यंत्र चालेल. चालेलही. पण अशा यंत्रात तेच सर्किट ईएचटी प्रमाणाबाहेर चढू नये याची राखण करत असतं, आणि चढलेली ईएचटी म्हणजे क्ष-किरण. अमेरिकेत १९६७ साली जनरल इलेक्ट्रिकच्या रंगीत टीव्हींतून मर्यादेपेक्षा जास्त क्ष-किरण निघत असल्याचं उघड झालं. दोष व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या व्हॉल्व्हचा होता. त्यानंतर १९६८ साली तिथे इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या किरणोत्सर्गाविषयी स्वतंत्र कायदाच झाला. शिवाय पळवाटेने वाहणारी वीज तोडली नाही तर ती इन्सुलेशन जाळत राहते. ज्या यंत्रासमोर मुलं मांडी घालून बसणार, त्याची राखण मी काढून टाकणार नाही.

रात्र होऊ दिली. खोलीचे दिवे मालवले, दारं लावली आणि डोळे सरावेपर्यंत दहा मिनिटं गप्प बसून राहिलो. झोत नसल्यामुळे नळीचाही उजेड नव्हता. मग नातीने बटण दाबलं. हिरव्या नळीच्या पोटाखाली, अॅनोडच्या रबरी टोपीच्या कडेपासून धातूच्या चौकटीपर्यंत, जांभळट दोरा क्षणभर थरथरला आणि गेला. मागोमाग ओझोनचा तो तिखट वास.

दुसऱ्या दिवशी उजेडात पाहिलं तर काचेवर चिकट, मातकट थर होता. त्यात झाडाच्या मुळांसारखी काळी रेघ उमटली होती. वीज एकदा पृष्ठभागावरून गेली की वाटेतला कचरा जाळून कोळसा करते. कोळसा वीज वाहतो, म्हणून पुढची खेप आणखी सोपी होते. साध्या मीटरला ही वाट दिसत नाही, कारण तो जेमतेम काही व्होल्ट लावून पाहतो.

पण हा चिकट थर आला कुठून? उत्तर नळीच्या तोंडाशी होतं. चौतीस हजार व्होल्टांनी आपटणारे इलेक्ट्रॉन काच तापवतात. ती तडकू नये म्हणून काच आणि भिंग यांच्यामध्ये ग्लायकॉलचं मिश्रण भरलेलं असतं. त्या कप्प्याची रबरी कड वयाने कडक झाली होती आणि द्रव थेंबाथेंबाने पाझरत काचेवरून मागे आला होता. ग्लायकॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. मे महिन्यात तो थर त्यामानाने कोरडा राहायचा, आणि कोकणातल्या पावसात भिजून वाहक व्हायचा. अण्णा मिरगाचं सांगत होते त्याचा अर्थ हा होता. जास्त व्होल्टेजने उष्णता आणली, उष्णतेने द्रव आणला, आणि त्या द्रवानेच व्होल्टेजला पळायला वाट करून दिली. इतकी वर्षं दुरुस्त्या करतोय, पण हे जुळलं तेव्हा मी खरोखर थरारून गेलो.

बाकीचं काम हातांचं होतं. कप्प्याची कड बदलली, द्रव नवा भरला. काच आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुन्हा पुन्हा पुसली. टोपीच्या कडेचा जळका रबर ब्लेडने छाटला, कारण रबरात शिरलेला कोळसा पुसून जात नाही. कड न्यूट्रल सिलिकॉनने बंद केली. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन इथे वापरू नये, त्यातलं आम्ल धातू खातं. ते पक्कं बसायला दोन दिवस दिले. अण्णांना ते दोन दिवस फार जड गेले.

कोजागिरीच्या आदल्या रात्री यंत्र लावलं. भिंतीवर चौकटींची जाळी आली, तीन रंगांत, तीन ठिकाणी सरकलेली. अण्णांनी रिमोट हातात घेतला आणि लाल रेघा हिरव्यांवर आणू लागले, मग निळ्या. कडेच्या चौकटींना वेळ लागला. तासाभराने जाळी पांढरी झाली. बाहेर पाऊस पडत होता. अण्णांची नात मात्र अजून बोर्डाजवळच उभी होती, बोट बटणावर.