दुकानात नाही? मग घरीच करू!

थंडी पडली, हुरड्याची आमंत्रणं यायला लागली आणि पोरांना नाताळची सुट्टी लागली, की घरोघरी एकच प्रश्न: आता यांना वाचायला काय द्यायचं? दुकानात शिरावं तर एका भिंतीला रंगवायच्या वह्या, दुसऱ्या भिंतीला सामान्यज्ञान, आणि मधे कुठेतरी कोपऱ्यात तोंड लपवून बसलेली खरीखुरी गोष्ट. वैतागू नका. हा वैताग चांगला १८० वर्षांचा म्हातारा आहे. आणि जगातली काही अफलातून पुस्तकं त्याच्याच पोटी जन्मली आहेत.

डॉक्टरांचं चुकलेलं औषध

साल १८४४, गाव जर्मनीतलं फ्रँकफर्ट. डॉ. हाइनरिश होफमान नाताळच्या तोंडावर तीन वर्षांच्या मुलासाठी, कार्लसाठी, पुस्तक आणायला बाहेर पडले. दुकानात मिळालं काय, तर लांबलचक गोष्टी आणि 'मुलांनो, खरे बोलावे' छापाचा उपदेश. डॉक्टर घरी परतले ते कोरी वही घेऊन. तीत स्वतःच चित्रं काढली, खाली यमकं जुळवली आणि वही पोराच्या हाती दिली. मित्रांनी आग्रह धरला, १८४५मध्ये पुस्तक निघालं. त्यात शेवटच्या पानावर एक झिपऱ्या, नखं वाढवलेला पोरगा होता. वाचणाऱ्या पोरांनी त्यालाच डोक्यावर घेतलं. मग प्रकाशकानं मुकाट्यानं त्याला शेवटून उचलून पुढे आणलं आणि पुस्तकालाही त्याचंच नाव दिलं: 'स्ट्रुव्वेलपेटर'.

गंमत पुढेच आहे. उपदेशाला कंटाळलेल्या या डॉक्टरांच्या पुस्तकात अंगठा चोखणाऱ्या पोराचे अंगठे शिंपी येऊन कात्रीनं कापतो, आणि काड्यापेटीशी खेळणाऱ्या मुलीची राख होते. यापेक्षा 'खरे बोलावे' परवडलं! पण पोरांना असलं भयंकर काहीतरी आवडतं, हे त्यांना कळलं होतं. आपल्याकडच्या आज्यांना तर ते केव्हापासून ठाऊक आहे. नाहीतर भोपळ्यात बसलेल्या म्हातारीमागे वाघ कशाला लागला असता?

हेच पुस्तक मार्क ट्वेनला १८९१मध्ये बर्लिनमध्ये सापडलं. त्यानं झपाटल्यासारखं इंग्रजीत उतरवलं आणि नाताळाला स्वतःच्या मुलींना दिलं. एवढा मोठा लेखक, पण हे भाषांतर छापून आलं थेट १९३५मध्ये. तोवर ते घरातच होतं.

लाल नाकाचं कर्ज

आता शिकागो, १९३९. 'माँटगोमरी वॉर्ड' हे मोठं दुकान दरवर्षी गिऱ्हाइकांच्या पोरांना नाताळात चित्रं रंगवायच्या वह्या फुकट वाटायचं. बाहेरून विकत घेण्यापेक्षा यंदा घरच्या घरी पुस्तक करू, पैसे वाचतील, असा साधा हिशेब साहेबांनी मांडला. काम आलं जाहिराती लिहिणाऱ्या रॉबर्ट मे याच्याकडे. डोक्यावर कर्ज, बायको कॅन्सरनं अंथरुणाला खिळलेली, घरात चार वर्षांची बार्बरा. लहानपणी तो स्वतः बुजरा आणि किरकोळ अंगाचा. म्हणून त्यानं नायक निवडला सगळे ज्याला चिडवतात असा, लाल नाकाचा एक रेनडिअर.

साहेब घाबरले. लाल नाक म्हणजे दारुड्याचं नाक! नाताळच्या पुस्तकात शोभेल का? मेनं चित्रकार मित्राला सरळ प्राणिसंग्रहालयात नेलं, हरणांची चित्रं काढून घेतली आणि नाक लाल असूनही प्राणी गोजिरवाणा दिसतो हे दाखवून दिलं. नावावरूनही घोळ झाला. 'रोलो' फार खुशालचेंडू वाटलं, 'रेजिनल्ड' फार साहेबी. शेवटी रूडॉल्फ ठरलं. जुलैमध्ये बायको गेली. साहेब म्हणाले, काम दुसऱ्याला देतो. तो नाही म्हणाला. ऑगस्टच्या अखेरीस गोष्ट पुरी करून त्यानं आधी ऐकवली ती बार्बराला आणि सासू-सासऱ्यांना.

त्या नाताळात दुकानानं तब्बल २४ लाख प्रती वाटल्या. फुकट. मेच्या हातात पगाराशिवाय काही पडलं नाही, कारण हक्क दुकानाचे. पुढे १९४७मध्ये दुकानानं ते हक्क त्याला देऊन टाकले (कंपन्या असं काही करतात यावर माझा अजून विश्वास बसत नाही), मेव्हण्यानं त्यावर गाणं बांधलं, आणि १९४९पासून ते दर डिसेंबरात मॉलमध्ये आपल्या कानीकपाळी वाजतं आहे.

भराभर तीन

लुइस कॅरलनं ॲलिसची गोष्ट सांगितली १८६२च्या जुलैत, नावेत बसून. पोरगी म्हणाली, लिहून द्या. द्यायला त्याला नोव्हेंबर १८६४ उजाडला! पण दिली ती स्वतःच्या हातानं लिहिलेली, ३७ चित्रं काढलेली वही, नाताळची भेट म्हणून. ॲलिसनं ती वही १९२८मध्ये लिलावात विकली तेव्हा १५,४०० पौंड आले. पोरांचे हट्ट पुरवून ठेवावेत, केव्हा फळतील सांगता येत नाही.

बिएट्रिक्स पॉटरनं एका आजारी मुलाला १८९३मध्ये पत्रातून ससोबाची गोष्ट लिहिली होती. काही वर्षांनी पुस्तक करावंसं वाटलं, तर जवळ प्रत नाही! मग तेच पत्र त्या मुलाकडून उसनं मागून घेतलं. प्रकाशकांनी एकामागून एक नकार दिले, तेव्हा डिसेंबर १९०१मध्ये स्वखर्चानं २५० प्रती छापल्या आणि ओळखीपाळखीत दिल्या. नकार देणाऱ्यांपैकीच एकानं पुढच्या वर्षी रंगीत आवृत्ती काढली.

आणि पॅडिंग्टन. १९५६च्या नाताळच्या आदल्या संध्याकाळी लंडनच्या एका दुकानात फळीवर एकच अस्वल उरलं होतं. मायकेल बाँडला त्याची दया आली, बायकोसाठी घेऊन आला. त्यावर गोष्ट लिहिली, आणि अस्वल आफ्रिकेतून आल्याचं लिहून मोकळा झाला. आफ्रिकेत अस्वलंच नाहीत, हे लक्षात आणून दिल्यावर स्वारीचं गाव पेरू झालं.

वर्तमानपत्राच्या कागदावरचा बैल

या सगळ्यांत माझ्या मनात घर करून बसलेली बाई म्हणजे येला लेपमान. जर्मन ज्यू. हिटलरच्या राज्यातून पळून लंडनला गेली आणि युद्ध संपल्यावर अमेरिकी सैन्याची सल्लागार होऊन त्याच उद्ध्वस्त देशात परतली. पोरांना खायला नाही, छप्पर नाही. लोकांना वाटलं ही पाव मागेल. हिनं वीस देशांना पत्रं धाडली: तुमची मुलांची चांगली पुस्तकं पाठवा, पैसे मिळणार नाहीत. बेल्जियम म्हणालं, जर्मनांनी आमच्यावर दोनदा आक्रमण केलंय, माफ करा. तिनं पुन्हा लिहिलं, की म्हणूनच तर मागते आहे. पुस्तकं आली. जुलै १९४६मध्ये म्युनिकमध्ये प्रदर्शन भरलं, आणि तेही नाझींनी 'अस्सल जर्मन' कलेसाठी बांधलेल्या दालनात!

प्रदर्शनातली पुस्तकं पोरं हाताळायची, पण घरी कशी नेणार? म्हणून प्रदर्शन बर्लिनला गेलं तेव्हा तिथल्या नाताळासाठी तिनं 'फर्डिनांड'ची गोष्ट स्वतः जर्मनमध्ये उतरवली. झुंजायला साफ नकार देऊन झाडाखाली फुलं हुंगत बसणाऱ्या बैलाची. वर्तमानपत्राच्या कागदावर ३० हजार प्रती छापून वाटल्या. ढिगाऱ्यांतून वाट काढत आलेल्या पोरांच्या हातात न लढणारा बैल! याहून नेमकी निवड कुणाला जमली असती, मला तरी सुचत नाही. त्या प्रदर्शनातून १९४९मध्ये म्युनिकचं आंतरराष्ट्रीय बालग्रंथालय उभं राहिलं. आज ते एका जुन्या किल्ल्यात आहे.

पूर, पण पुस्तकांचा

आइसलँडमध्ये नाताळच्या आधी पुस्तकांचा लोंढा येतो. त्याला तिकडे शब्दच आहे: योलाबोकाफ्लोद, म्हणजे नाताळचा पुस्तकपूर. महायुद्धाच्या काळात बाहेरून येणाऱ्या बहुतेक वस्तूंवर बंधनं होती, कागद मात्र त्यामानानं सुटला. मग भेट काय द्यायची? पुस्तक! १९४४पासून नव्या पुस्तकांची यादी निघते, आणि २४ डिसेंबरच्या रात्री भेटी उघडून माणसं वाचत बसतात. लोकसंख्या चार लाखांच्या आत, पण 'प्रत्येकाच्या पोटात एक पुस्तक असतं' अशी तिथली म्हण आहे. लहान पोरांची आणखी चंगळ. १२ डिसेंबरपासून रोज एक, असे तेरा टोळभैरव डोंगरावरून उतरतात. एक पळी चाटतो, एक दारं आपटतो, एक पोरांच्या मेणबत्त्या पळवतो. खिडकीतल्या बुटात खाऊ ठेवतात; पोर वाह्यात असेल तर सडका बटाटा.

हे वाचून उगाच हळहळू नका. आपला पूर त्याआधीचा आहे. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मासिक मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला १९०९मध्ये, म्हणजे आइसलँडच्या यादीच्या ३५ वर्षं आधी. पोरांचा 'किशोर' सुरू झाला १९७१मध्ये. त्याचे जुने अंक आता नेटवर फुकट वाचता येतात. फराळ संपला तरी अंक पुरवून पुरवून नाताळपर्यंत नेणारी घरं मी पाहिली आहेत. चिवडा मात्र कधी पुरत नाही.

सगळ्यांत जास्त हाताळलेलं

न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयातून आजवर सगळ्यांत जास्त वेळा घरी गेलेलं पुस्तक कुठलं? ग्रंथालयानं २०२०मध्ये हिशेब मांडला. शेक्सपिअर नाही, हॅरी पॉटर नाही. पीटर नावाचा एक काळा मुलगा सकाळी उठतो, बाहेर बर्फ पडलेलं असतं, तो खेळतो. संपलं. एझ्रा जॅक कीट्सचं १९६२चं 'द स्नोई डे', ४ लाख ८५ हजार ५८३ वेळा. त्या मुलाचे फोटो कीट्सनं १९४०मध्ये मासिकातून कापून भिंतीला लावले होते. पुस्तक व्हायला वीसच्या वर वर्षं गेली. 'गुडनाइट मून' हे दुसरं लाडकं पुस्तक त्या यादीच्या पहिल्या दहांतसुद्धा नाही, कारण तिथल्या एका करड्या ग्रंथपालबाईंना ते पसंत नव्हतं आणि ग्रंथालयानं ते १९७२पर्यंत घेतलंच नाही! ग्रंथपालाच्या नाकाची मुरड केवढी महागात पडते.

भाषेची अडचण असेल तर रेमंड ब्रिग्जचं 'द स्नोमॅन' (१९७८) पाहा. अख्ख्या पुस्तकात एकही शब्द नाही. आजी मालवणीत सांगेल, नातू इंग्रजीत सांगेल, दोघांचं बरोबर. आणि घरच्या अंगणातली गोष्ट हवी असेल तर माधुरी पुरंदऱ्यांचं 'राधाचं घर' घ्या. रोजचंच घर, रोजचीच माणसं. पण आमच्याकडे ते इतक्या वेळा वाचून झालंय, की बाइंडिंग सुटलंय.

२४ तारखेचा आपला सांता

नाताळच्या आदल्या दिवशी आपल्याकडेही एक वाढदिवस असतो. पांडुरंग सदाशिव साने, जन्म २४ डिसेंबर १८९९, गाव कोकणातलं पालगड. 'श्यामची आई' त्यांनी फेब्रुवारी १९३३मध्ये नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत लिहिली. पुस्तकाची मांडणी पाहिलीत? प्रकरणं नाहीतच, 'रात्री' आहेत. रोज रात्री प्रार्थनेनंतर एक गोष्ट. सुट्टीत दिवे घालवून, पांघरुणात शिरून, एका बैठकीत एकच रात्र वाचायची. जास्त वाचलीत तर रुमाल कमी पडतील.

आणि बाहेरच पडायचं असेल तर पाचगणीजवळचं भिलार गाठा. ४ मे २०१७पासून ते पुस्तकांचं गाव आहे. लोकांच्या घरांत, ओसऱ्यांत कपाटं मांडली आहेत. आत जायचं, बसायचं, वाचायचं, कुणी पैसे मागत नाही. डिसेंबरात शेतात स्ट्रॉबेरी लागते. तेवढे हात धुऊन पुस्तकाला लावा.

पान १७ पाहा

गेल्या नाताळात फुटपाथवरून एक जुनं 'फास्टर फेणे' उचललं, भाचीसाठी. तिनं उघडलं, नाक मुरडलं, 'मावशी, हे कुणीतरी वापरलेलं आहे!' पहिल्या पानावर निळ्या शाईत लिहिलं होतं: मालकाचं नाव हवं असल्यास पान १७ पाहा. सतरावर: इतकी घाई? पान ६२. बासष्टवर: पान ३९. एकोणचाळीसवर: आता आलाच आहात तर गोष्ट वाचा, नाव शेवटच्या पानावर आहे.

शेवटचं पान फाटलेलं होतं.

पुस्तक तिनं दोन दिवसांत संपवलं. यंदा ते तिच्या मावसभावाकडे जाणार आहे. परवा सहज चाळलं तर पान ३९च्या खाली पेन्सिलीनं नवी ओळ दिसली: पान ८ पाहा.