पानिपतच्या रणाचे दोन साक्षी आणि त्यांचें वाचन

युद्धांत प्रत्यक्ष वावरलेल्या मनुष्याची स्वतःची हकीकत हातीं लागली कीं संग्राहकास धन सांपडल्यासारखें वाटतें, व तें योग्यच आहे. परंतु अशी हकीकत वाचतांना, ‘हा पाहणारा होता, म्हणून हा सांगेल तें खरें’ असा जो समज मनांत सहज शिरतो, तो मात्र घातक होय. रणांगणावरील मनुष्यास रण दिसत नाहीं. त्यास आपल्या घोड्याच्या कानांपुढील शंभर हात जमीन दिसते. बाकीचें सर्व तो मागाहून ऐकतो आणि लिहितांना पाहिलेलें व ऐकलेलें एकाच शाईनें लिहितो. हीं दोन निवडून काढणें हेंच वाचकाचें काम. तें कसें करावें हें दाखविण्यास पानिपतच्या दोन हकीकती आम्हीं येथें घेतल्या आहेत.

पहिली नाना फडणिसांची. नानांचा जन्म १७४२ चा; म्हणजे १४ जानेवारी १७६१ रोजीं त्यांस एकोणिसावें वर्ष चालू होतें. ते शिपाईगडी नव्हेत. तीर्थयात्रेच्या हेतूनें मातोश्री व पत्नी यांसह ते लष्कराबरोबर उत्तरेस गेले होते. त्यांनीं लिहिलेलें आत्मवृत्त लहानसें असून पानिपताहून परतल्यावर थोड्याच काळांत तें थांबतें. ब्रिग्ज यानें त्याचें इंग्रजी भाषांतर १८२९ च्या सुमारास लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथमालेंत छापविलें. बालपणींच्या देवपूजेच्या खेळापासून तारुण्यांतील मनोविकारांपर्यंत सर्व कांहीं नानांनीं त्यांत उघडपणें सांगितलें आहे. ज्यास स्वतःची लाज झांकावयाची नाहीं, त्याची साक्ष आम्हांस अधिक वजनाची वाटते.

लढाईविषयीं नाना फार थोडें सांगतात; पळाविषयीं मात्र पुष्कळ. अंगावरचीं वस्त्रें टाकून देणें, पायीं चालणें, वाटेंतील लुटारू, झाडपाला खाऊन काढलेले दिवस आणि अखेर रेवाडीस मिळालेला आसरा, हा सारा भाग त्यांच्या शरीरानें भोगलेला आहे. मातोश्रींचा वियोग त्याच धामधुमींत झाला. येथें प्रत्येक वाक्यामागें पाय उभे आहेत. याच्या उलट, सरदारांच्या मसलती कशा फिसकटल्या याबद्दल ते जें लिहितात, तें छावणींतल्या एका तरुण कारकुनाच्या कानावर आलेलें आहे. तें टाकाऊ नव्हे, पण त्याची किंमत वेगळी.

दुसरा साक्षी दुसऱ्या बाजूस उभा होता. काशीराज शिवदेव हा दक्षिणी ब्राह्मण अयोध्येचा नबाब शुजाउद्दौला याच्या पदरीं असून सलुखाच्या बोलण्यांत त्याची ये-जा असे. त्यानें आपली फारसी हकीकत १७८० च्या सुमारास, म्हणजे लढाईनंतर जवळ जवळ वीस वर्षांनीं लिहिली. तरीहि तींत कांहीं प्रसंग असे आहेत कीं, ते पाहिल्याखेरीज लिहितां येत नाहींत. लढाईच्या ऐन भरांत वजीर शाहवलीखानाच्या बाजूचा गलबला एकाएकीं मंदावला, तेव्हां नबाबानें चौकशीस काशीराजालाच पाठविलें. त्यास वजीर घोड्यावरून उतरलेला, चिलखतासह जमिनीवर, संतापानें तोंडांत माती घालीत, पळणाऱ्या आपल्या लोकांस ‘देश दूर आहे, जातां कोठें’ अशा अर्थाचे शब्द बोलत असलेला दिसला. अबदालीच्या सैन्याचा मध्यभाग कांहीं वेळ मोडला होता याचा इतका बोलका पुरावा दुसरा क्वचितच मिळेल. आणि तो शत्रूच्या गोटांतून येतो हें विशेष.

आतां जेथें या दोन साक्षी खरोखर उपयोगी पडतात त्या प्रश्नाकडे वळूं. भाऊसाहेबांचें पुढें काय झालें? नानांच्या लेखांत भाऊसाहेबांचा अंत पाहिल्याचें नाहीं. पळून आलेल्यांपैकीं ज्याला त्याला स्वतःच्या जिवाचीच पडली होती. ही रिकामी जागा लहान नव्हती. पार्वतीबाईंनीं १७८३ पर्यंत, म्हणजे देह ठेवीपर्यंत, सौभाग्यचिन्हें उतरविलीं नाहींत. याच रिकाम्या जागेंत तोतया उभा राहिला. १७७६ सालीं रत्नागिरीच्या कैदेंतून सुटून त्यानें कोंकणांत फौज जमविली, किल्ले घेतले, आणि तो पकडला जाऊन पुण्यास चौकशीअंतीं मारला जाईपर्यंत राज्यास घोर लावला. त्या वेळीं कारभाराचा भार वाहणारे नाना हे स्वतः त्या रणांतून जिवंत आलेले; तरी ‘मीं त्यांस पडतांना पाहिलें’ एवढें एक वाक्य त्यांच्यापाशींहि नव्हतें.

तें वाक्य काशीराजापाशीं सांपडतें, पण तेंहि पुरतें नाहीं. त्यानेंहि भाऊसाहेबांस पडतांना पाहिलें नाहीं. त्यानें दुसऱ्या दिवशीं एक शिरोहीन प्रेत पाहिलें; अंगावरील खुणा व पूर्वीच्या एका वाराचा व्रण यांवरून तें ओळखलें गेलें; मागाहून शिरहि मिळालें; आणि दहनसंस्काराच्या खटपटींत तो स्वतः होता. म्हणजे येथें साक्ष मरणाची नसून ओळखीची आहे. हा लेख तोतयाच्या अंतानंतर सुमारें चार वर्षांनीं झाला, तेव्हां पुणेंकरांच्या सोयीसाठीं तो रचला असेल, अशी शंका कोणी घेईल. आम्हांस ती टिकाऊ वाटत नाहीं. काशीराजाचें अन्न अयोध्येचें होतें. पुण्याच्या कारभाऱ्यांस खूष करून त्याचें कांहीं साधणारें नव्हतें. शिवाय बनावट साक्षीदारानें शिर आधीं गहाळ करून मग शोधण्याची अडचण आपल्यामागें कशास लावून घेतली असती?

मात्र हाच काशीराज जेव्हां कैद्यांचे व मृतांचे आंकडे सांगूं लागतो, तेव्हां आपण सावध व्हावें. प्रेत ओळखणारा मनुष्य लाखांची गणती करीत नसतो. त्यांतहि त्याचा ग्रंथ आपल्या हातीं बहुधा ब्राउन याच्या जुन्या इंग्रजी भाषांतरावरून येतो. रॉलिन्सन यानें तेंच १९२६ सालीं पुन्हां छापलें. १९३४ सालीं यदुनाथ सरकारांनीं मूळ फारसीवरून नवें भाषांतर केलें, तें जुन्याशेजारीं ठेवून वाचल्याखेरीज काशीराजाच्या शब्दावर भर देऊं नये.

मूळ आणि छापील यांत अंतर पडतें याचें आपल्याकडील उदाहरण गोडसे भटजींचें आहे. झाशीच्या वेढ्यांत १८५८ सालीं ते गांवांत होते. त्यांचा ‘माझा प्रवास’ चिंतामणराव वैद्यांनीं १९०७ सालीं संस्कार करून छापला. मुळाबरहुकूम पाठ दत्तो वामन पोतदारांनीं १९६६ सालीं दिला. मधल्या एकोणसाठ वर्षांत ज्यांनीं भटजी वाचले, त्यांनीं कित्येक ठिकाणीं वैद्य वाचले.

आत्मवृत्तास तोलून धरण्यास पत्रें हवींत. राजवाड्यांच्या साधनांचा पहिला खंड (१८९८) व पुढें पेशवे दफ्तरांतील निवडी यांत त्या मोहिमेचीं पत्रें आहेत. पत्र लिहिणारास उद्यांचें ठाऊक नसतें. रसद अडली, वैरण मिळेना, गोविंदपंत बुंदेले पडले, हें तो जसें कळेल तसें लिहितो. आत्मवृत्त लिहिणारास शेवट माहीत असतो, म्हणून त्यास पहिल्या मुक्कामापासूनच अपशकुन दिसूं लागतात. बखरींतून तर उभयपक्षांचे संवादच्या संवाद ऐकूं येतात. ते कोणीं ऐकून ठेविले हें विचारण्यांत अर्थ नाहीं. बखरीचा उपयोग लोकांस काय आठवावेंसें वाटलें, हें कळण्यास होतो.

संग्राहकांस एक विनंती. नानांसारखें आत्मवृत्त शंभर वर्षांत एखादें निघतें. पण साध्या शिलेदाराचा आवाज घराण्यांच्या दप्तरांत अन्य रूपानें पडलेला असतो. वतनाच्या तंट्यांतील करीने, कैफियती, पडलेल्या घोड्याची भरपाई मागणारे अर्ज, जखमी झाल्याबद्दलच्या बक्षिसाच्या याद्या, यांत ‘आमचे वडील अमुक लढाईंत ठार झाले’ अशीं वाक्यें येतात. त्यांत दाव्याचा स्वार्थ असतो हें खरें. परंतु घोड्याचा रंग, पथकाचें नांव व सोबत्यांचीं नांवें यांत फारसें खोटें बोललें जात नाहीं, कारण प्रतिपक्ष तपासावयास बसलेला असे. असा कागद जमाखर्चाच्या रुमालांत सांपडल्यास तो निराळा न काढतां, ज्या रुमालांत होता त्याचें नांव, शेजारच्या कागदांच्या तिथी व गांठींचा क्रम टिपून ठेवावा, आणि मगच नक्कल करावी.