अरासचे हवाईदल स्मारक : तोफांना नेम देणाऱ्यांची नावे

उत्तर फ्रान्समधील अरास हे शहर पहिल्या महायुद्धाच्या बहुतेक काळात जर्मन तोफांच्या टप्प्यात होते. १९१४च्या ऑक्टोबरमध्ये तोफगोळ्यांनी तेथील नगरभवनाचा उंच घंटामनोरा पाडला आणि पुढच्या वर्षांत जुन्या शहराचा मोठा भाग उद्ध्वस्त झाला. शहराच्या पश्चिम अंगाला, सतराव्या शतकातील किल्ल्याजवळ, फोबूर दामियाँ नावाची ब्रिटिश दफनभूमी आहे. ती मार्च १९१६मध्ये सुरू झाली आणि तिच्यात अडीच हजारांहून अधिक सैनिकांच्या कबरी आहेत. तिथेच एक चौकोनी दगडी स्तंभ उभा असून त्याच्या माथ्यावर पृथ्वीचा गोल बसवलेला आहे. हे अरासचे हवाईदल स्मारक. पश्चिम आघाडीवर कोठेही मारले गेलेले आणि ज्यांची कबर सापडली नाही अशा सुमारे एक हजार ब्रिटिश आणि वसाहतींतील हवाई सैनिकांची नावे त्याच्या चारही बाजूंवर कोरलेली आहेत.

दफनभूमीभोवतीच्या भिंतींवर आणि स्तंभावलीत आणखी एक, कितीतरी मोठी यादी आहे. अरास भागात १९१६चा वसंत ते ऑगस्ट १९१८ या काळात बेपत्ता झालेल्या जवळपास ३५ हजार पायदळ व तोफखाना सैनिकांची ती नावे. दोन्ही स्मारकांचा आराखडा एडविन लुटियन्स यांचा आणि शिल्पकाम विल्यम रीड डिक यांचे. नवी दिल्लीचे इंडिया गेट लुटियन्स यांनीच घडवले. त्याचे अनावरण फेब्रुवारी १९३१मध्ये झाले, अरासचे ३१ जुलै १९३२ रोजी. इंडिया गेटची भव्य कमान आठवून कोणी अरासला गेले तर तेथील साधेपणा डोळ्यांत भरतो. स्तंभावर वीरश्रीचे एकही दृश्य नाही. गोलाभोवती उडत्या पक्ष्यांचा पट्टा आहे आणि ११ नोव्हेंबर १९१८ रोजी, म्हणजे शस्त्रसंधीच्या दिवशी, पृथ्वी सूर्यासमोर जशी होती त्याच्याशी त्या गोलाची मांडणी जुळवलेली आहे. त्याखाली नुसती नावे.

या नावांतील काही जगप्रसिद्ध आहेत. व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी लॅनो हॉकर आणि एडवर्ड मॅनक येथे आहेत. पाली ग्रंथांचे संपादन करणारे टी. डब्ल्यू. ऱ्हिस डेव्हिड्स आणि त्यांच्या विदुषी पत्नी कॅरोलाइन यांची नावे बौद्ध वाङ्मयाच्या मराठी अभ्यासकांना चांगली परिचित आहेत. त्यांचा मुलगा आर्थर ऑक्टोबर १९१७मध्ये उड्डाणावरून परतला नाही. त्याचेही नाव या दगडावर आहे. हे तिघे लढाऊ विमानांचे वैमानिक, म्हणून त्यांची चरित्रे लिहिली गेली. पण लढाऊ विमाने आकाशात कशासाठी होती, याचे उत्तर यादीतील अप्रसिद्ध नावांत आहे. संथ, दोन आसनी विमानांत बसून तोफांना नेम देणाऱ्यांचे रक्षण करणे आणि शत्रूच्या तशाच विमानांना हुसकावणे हे लढाऊ वैमानिकाचे मुख्य काम होते. या युद्धात सर्वाधिक माणसे तोफांनी मारली आणि डोंगराआड, झाडीआड किंवा खंदकामागे दडलेले लक्ष्य तोफेला दाखवू शकणारा माणूस विमानात बसलेला होता.

सप्टेंबर १९१४मध्ये एन नदीवरच्या लढाईत डोनाल्ड लुईस आणि बॅरन जेम्स या दोन तरुण ब्रिटिश लेफ्टनंटांनी विमानातून वायरलेसवर मोर्स संदेश पाठवून तोफांचा मारा लक्ष्यावर आणून दाखवला. त्याआधी वैमानिक रंगीत दिवे सोडत, चिठ्ठ्या टाकत किंवा खाली उतरून तोंडी सांगत; तोवर लक्ष्य हललेले असे. पुढे या दोघांच्या पद्धतीतूनच संपूर्ण ब्रिटिश तोफखान्याची हवाई निरीक्षणाची रीत घडली. जेम्स १३ जुलै १९१५ रोजी तोफांच्या एका बॅटरीला नेम देत असताना विमानविरोधी तोफेच्या माऱ्यात मारला गेला. त्याचे नाव अरासच्या स्तंभावर आहे. लुईस पुढे लेफ्टनंट कर्नल झाला. एप्रिल १९१६मध्ये तो एका उखळी तोफांच्या अधिकाऱ्याला शत्रूचे खंदक विमानातून दाखवत असताना जमिनीवरून झालेल्या गोळीबारात विमान पडले आणि दोघेही गेले. लुईसला बेल्जियममध्ये कबर मिळाली, म्हणून तो या यादीत नाही. एकाच कामाचे हे दोन आद्य जाणकार आज दोन देशांत, दोन वेगळ्या पद्धतींनी स्मरले जातात.

त्यांनी रुळवलेली रीत समजून घेतल्याशिवाय स्तंभावरची नावे मुकीच राहतात. निरीक्षकाजवळ सेल्युलॉइडची पारदर्शक चकती असे. नकाशावरील लक्ष्यावर तिचा मध्य ठेवायचा आणि घड्याळाचे बारा उत्तरेकडे लावायचे. मध्याभोवती वर्तुळे काढलेली असत. सर्वांत आतले १० यार्डांचे, मग २५, ५०, १००, २००, ३००, ४०० आणि शेवटचे ५०० यार्डांचे. प्रत्येक वर्तुळाला रोमन लिपीतले एक अक्षर दिलेले होते. ५० यार्डांच्या वर्तुळाला ए, १००च्या वर्तुळाला बी. गोळा लक्ष्याच्या पूर्वेला पन्नास यार्डांवर पडला तर वैमानिक मोर्समध्ये ‘ए ३’ एवढेच टिपटिपवी. तोफेजवळ हेडफोन लावून बसलेला वायरलेसवाला ते उतरवून घेई, अधिकारी कोन बदले आणि पुढचा गोळा सुटे. विमानाच्या पोटाखाली टोकाला शिशाचे वजन लावलेली तांब्याची लांब तार लोंबत असे, तीच ॲन्टेना. विमानातून संदेश पाठवता येई, पण ऐकता येत नसे. म्हणून बॅटरीवाले जमिनीवर पांढऱ्या कापडाच्या पट्ट्या ठराविक आकारांत अंथरून उत्तर देत आणि ती वाचण्यासाठी वैमानिकाला वारंवार मागे वळून तोफांवर यावे लागे.

म्हणजेच तोफा आणि लक्ष्य यांच्यामध्ये, इंग्रजी आठच्या आकारात, तासन्तास त्याच पट्ट्यात फिरत राहायचे. शत्रूला विमान कोठून कोठे जाणार हे आधीच कळे. ब्रिटिशांचे बी. ई. २ हे विमान मुद्दाम स्थिर उडणारे बनवले होते, कारण निरीक्षणाला स्थिरता हवी. त्याच गुणामुळे हल्ला झाल्यावर त्याला चटकन वळता येत नसे. त्यात निरीक्षक पुढच्या आसनावर, पंखांच्या दांड्या व तारांच्या जाळ्यात बसलेला, त्यामुळे मशीनगन वळवणे जिकिरीचे. पुढे आलेल्या आर. ई. ८मध्ये निरीक्षक मागे बसू लागला, पण वेगाच्या बाबतीत तेही जर्मन अल्बाट्रॉसपुढे कमीच होते. आपल्याच तोफांचे गोळे विमानांच्या उंचीवरून जात आणि काही विमाने त्यांनीच फोडली. निरीक्षण फुग्यांतील माणसांना पॅराशूट मिळे. विमानातील ब्रिटिशांना युद्ध संपेपर्यंत ते दिले गेले नाही. इतके असूनही हे काम थांबवता येत नव्हते, कारण ज्या दिवशी विमाने वर नसत त्या दिवशी तोफखाना आंधळा असे आणि त्याची किंमत पायदळ मोजत असे.

अरासचे नाव या इतिहासाशी सर्वांत घट्ट जोडले गेले ते एप्रिल १९१७मध्ये. ९ एप्रिलला, ईस्टरनंतरच्या सोमवारी, बर्फाच्या माऱ्यात ब्रिटिश आणि कॅनेडियन सैन्याने अरासपासून व्हिमीच्या टेकडीपर्यंत हल्ला चढवला. व्हिमी पहिल्याच दिवशी जवळजवळ पूर्णपणे हाती आली. जर्मन तोफांच्या जागा आधीच्या आठवड्यांत विमानांनी शोधून, छायाचित्रे घेऊन, नेम देऊन निकामी केल्याचा त्यात मोठा वाटा होता. त्याची किंमत भयंकर होती. दुएजवळच्या तळावर जर्मन वैमानिक मानफ्रेड फॉन रिश्टहोफेनचे पथक होते आणि त्या महिन्यात एकट्या रिश्टहोफेनने २१ विमाने पाडली. १३ एप्रिलला ५९व्या स्क्वाड्रनची सहा आर. ई. ८ विमाने छायाचित्रणाच्या कामगिरीवर निघाली. एक छायाचित्रे घेणारे, बाकीची त्याच्या रक्षणाला. सहाही विमाने पाडली गेली. बारापैकी दहा जण मारले गेले, दोघे कैद झाले. महिनाभरात ब्रिटिशांनी सुमारे २४५ विमाने गमावली. २११ जण मृत वा बेपत्ता आणि १०८ जण युद्धकैदी झाले. ब्रिटिश हवाईदलाच्या इतिहासात या महिन्याला ‘रक्तरंजित एप्रिल’ म्हणतात.

तेव्हा फ्रान्समधील या दलाचे प्रमुख ह्यू ट्रेंचर्ड होते. पायदळाला मदत हवी असेल तर विमाने शत्रूच्या हद्दीत गेलीच पाहिजेत, नुकसान कितीही होवो, हे त्यांचे धोरण. त्यावर तेव्हाही टीका झाली आणि इतिहासकारांत आजही वाद आहे. १९३२मध्ये स्मारकाचे अनावरण करायला तेच लॉर्ड ट्रेंचर्ड आले. मुळात हा समारंभ मे महिन्यात ठरला होता, पण फ्रान्सचे अध्यक्ष पॉल दूमेर यांची हत्या झाल्याने तो पुढे ढकलावा लागला. ट्रेंचर्ड यांच्यासमोर दगडात कोरलेल्या नावांपैकी कितीतरी जण त्यांच्याच आदेशाने उडाले होते.

एवढ्या माणसांना कबर का मिळाली नाही, यामागची कारणे साधी आहेत. वारा बहुधा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहे, विमान आपल्या हद्दीत परतण्याआधीच शत्रूच्या बाजूला पडे. पेट्रोल पेटले तर ओळखण्याजोगे काही उरत नसे. जर्मन सैनिक बहुतेक वेळा मृत वैमानिकाला सन्मानाने पुरत, काही वेळा ब्रिटिश हद्दीत चिठ्ठी टाकून तसे कळवतही. पण नंतर त्याच जमिनीवरून पुन्हा लढाई गेली की लाकडी क्रूस आणि कबर दोन्ही नाहीशी होत. हॉकरचे असेच झाले. नोव्हेंबर १९१६मध्ये रिश्टहोफेनशी झालेल्या झुंजीत तो बापोमजवळ पडला, जर्मनांनी त्याला विमानाशेजारी पुरले, पण ती जागा पुढे सापडली नाही.

शोध मात्र थांबलेला नाही. युद्धानंतर विखुरलेल्या कबरी मोठ्या दफनभूमींत हलवताना प्रत्येक देह नकाशाच्या कोणत्या चौकोनात सापडला, अंगावर कोणते कपडे, बिल्ले, बूट होते याची नोंद छापील तक्त्यात केली जाई. राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाने हे तक्ते आता सर्वांसाठी खुले केले आहेत. लंडनच्या क्यू भागातील राष्ट्रीय अभिलेखागारात स्क्वाड्रनच्या नोंदवह्या आणि झुंजींचे अहवाल आहेत. रॉयल एअर फोर्स संग्रहालयाने अधिकाऱ्यांच्या मृत्यू व जखमांची नोंदपत्रे उपलब्ध केली आहेत. जिनिव्हाच्या रेडक्रॉसची कैदी व मृतांची कार्डेही पाहता येतात. जर्मन हवाईदलाची बहुतेक मूळ कागदपत्रे दुसऱ्या महायुद्धातील बॉम्बहल्ल्यात नष्ट झाल्याने त्या बाजूचा पुरावा तुटपुंजा आहे. अभ्यासकाचे काम म्हणजे विमान कोठे पडले आणि ‘अज्ञात वैमानिक’ कोठे सापडला हे दोन्ही ठिपके एकाच नकाशावर मांडणे, मग त्या दिवशी त्या भागात बेपत्ता झालेल्या बाकी सगळ्यांना एकेक करून वगळणे. अडचणी पुष्कळ. अनेक निरीक्षक पायदळातून वा तोफखान्यातून आलेले आणि अंगावर मूळ पलटणीचाच गणवेश असलेले. त्यामुळे वैमानिकाचा देह दुसऱ्याच दलाचा म्हणून पुरला गेला असण्याची शक्यता राहते. पुरावा पुरेसा वाटला तर आयोग आणि ब्रिटिश संरक्षण खात्याचा विभाग तो तपासतात, नव्या नावाची शिळा बसते, लष्करी धर्मगुरूच्या उपस्थितीत विधी होतो आणि पुढे स्मारकावरचे नाव काढले जाते. मॅनकबाबत हा टप्पा अजून आलेला नाही. लाव्हाँती येथील एका अज्ञात ब्रिटिश वैमानिकाची कबर त्याचीच असावी असे काही संशोधकांचे मत आहे, पण अधिकृत मान्यता नसल्याने त्याचे नाव अरासलाच आहे.

असा शोध यशस्वी झाल्याचे एक उदाहरण थेट मुंबईचे आहे. २३व्या स्क्वाड्रनचे लेफ्टनंट श्रीकृष्ण वेलिणकर जून १९१८मध्ये बेपत्ता झाले. जर्मनांनी त्यांना पुरले, पण कबरीवरचे नाव ओळखू न येण्याइतके बिघडले होते. युद्धानंतर चौकशी होऊन ती कबर त्यांची असल्याचे ठरले आणि आज सोम भागातील आंगार येथील दफनभूमीत त्यांच्या नावाची शिळा आहे. वेलिणकर लढाऊ वैमानिक होते, तोफांचे निरीक्षक नव्हेत. पण वेळीच ओळख पटली नसती तर हे नाव अरासच्या स्तंभावर वाचावे लागले असते. अरासच्या ईशान्येला, लाँसच्या पलीकडे एस्तव्हेल गावी आणखी एका भारतीय वैमानिकाची, इंद्रलाल रॉय यांची, कबर आहे. दहा विमाने पाडणारा हा बंगाली वैमानिक २२ जुलै १९१८ रोजी मारला गेला. शिळेवर बंगाली अक्षरे आहेत.

अरासला जाणाऱ्याने दफनभूमीसोबत किल्ल्याच्या खंदकातील भिंतही पाहावी. दुसऱ्या महायुद्धात तेथे २१८ फ्रेंच प्रतिकारकांना गोळ्या घालण्यात आल्या. शहराखालच्या चुनखडीच्या खाणींत न्यूझीलंडच्या खाणकामगारांनी एप्रिल १९१७च्या हल्ल्यासाठी खोदलेले भुयारी मार्ग ‘वेलिंग्टन खाण’ या नावाने २००८पासून खुले आहेत. व्हिमीचे कॅनेडियन स्मारक उत्तरेला सुमारे दहा किलोमीटरवर आहे. हवाई निरीक्षणाच्या इतिहासात रस असेल तर आणखी उत्तरेला सेंतोमेरपर्यंत जावे. ब्रिटिश हवाईदलाचे मुख्यालय १९१४च्या ऑक्टोबरपासून तेथे होते आणि जुन्या विमानतळावर २००४मध्ये ब्रिटिश हवाईसेवांचे स्मारक उभे राहिले. अरासच्या रेल्वे स्थानकापासून फोबूर दामियाँ दोन किलोमीटरवर आहे. चालत अर्धा तास पुरतो. एखादे विशिष्ट नाव शोधायचे असेल तर निघण्यापूर्वीच युद्धकबर आयोगाच्या यादीत पाहून हुद्दा आणि दल टिपून घ्यावे. यादी हुद्द्यांनुसार कोरलेली आहे आणि वरच्या ओळी वाचायला दुर्बीण जवळ असलेली बरी.