ऊसर जमीन आणि नीलहरित शैवाले

गंगेच्या मैदानातून उन्हाळ्यात प्रवास करणाऱ्यास मधूनमधून अशा जमिनी दिसतात, की ज्यांवर पीक नाही, झुडूप नाही, गवताची काडीही विरळाच; पृष्ठभागावर मात्र क्षारांचा पांढरा थर पसरलेला असतो. उत्तर प्रदेशात अशा जमिनीस 'ऊसर' म्हणतात. महाराष्ट्रातील चोपण जमीन ही तिचीच बहीण होय. तिच्या मातीत सोडियम फार असतो. त्यामुळे चिकणमातीचे कण सुटे होऊन मातीतील रंध्रे बुजवतात. पाणी मुरत नाही, मुळांना हवा मिळत नाही आणि पेरलेले बी वाया जाते.

परंतु पावसाळ्यात याच जमिनीवर एक नवल घडते. साचलेल्या पाण्यात काळपट हिरवा, बुळबुळीत थर धरतो. तो नीलहरित शैवालांचा असतो. बनारस हिंदू विश्वविद्यालयातील वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. आर. एन. सिंह यांच्यापुढे प्रश्न उभा राहिला: जेथे काहीच उगवत नाही तेथे जगणाऱ्या या जीवांनाच जमीन सुधारण्याच्या कामी का लावू नये? त्यांनी बांध घालून पावसाचे पाणी अडवले व शैवालांना वाढू दिले. मातीतील सेंद्रिय द्रव्य, नत्र व ओल धरण्याची शक्ती वाढली आणि अल्कता उतरली, असे त्यांनी १९५० साली जाहीर केले.

हे जीव नेमके काय करतात? हवेत नत्र विपुल असले, तरी पिकांना ते जसेच्या तसे घेता येत नाही. कित्येक नीलहरित शैवाले ते स्थिर करून देतात. बंगालमधील भातखाचरांच्या बाबतीत ही गोष्ट पी. के. डे यांनी १९३९ सालीच दाखवून दिली होती. याशिवाय त्यांच्या अंगचा चिकट स्राव मातीचे कण एकत्र बांधतो, आणि वनस्पतींच्या वाढीस चालना देणारी काही द्रव्येही ती बाहेर टाकतात. आज शास्त्रज्ञ यांची गणना खऱ्या शैवालांत न करता जीवाणूंत करतात. जुने नाव मात्र रूढ राहिले आहे.

पुढे दिल्लीच्या भारतीय कृषि संशोधन संस्थेत जी. एस. वेंकटरामन प्रभृतींनी ही शैवाले शेतकऱ्याच्या अंगणात वाढवण्याची सोपी रीत रूढ केली. उथळ हौदात माती, थोडे सुपरफॉस्फेट व पाणी घेऊन त्यात शैवालांचे विरजण घालतात. थर धरला की तो उन्हात वाळवतात. या वाळल्या पापुद्र्यांत जीव सुप्त असतो. भाताच्या लावणीनंतर सुमारे आठवड्याने हेक्टरी १० किलो पापुद्रे खाचरात टाकले, की पाण्याच्या स्पर्शाने तो जागा होतो. अनुकूल स्थितीत हंगामात हेक्टरी २० ते ३० किलो नत्राचा लाभ होतो, असा अंदाज आहे.

तथापि हा जादूचा कांडा नव्हे. स्फुरद अपुरे असल्यास शैवाले वाढत नाहीत; नत्रखत भरपूर दिल्यास ती स्वतः नत्र स्थिर करण्याचे काम सोडतात; गोगलगाई तर त्यांना खाऊनच टाकतात. शिवाय कडक ऊसर जमिनीतील सोडियमला हुसकून लावण्यास कॅल्शियमच लागतो. तो जिप्सम पुरवते, आणि सुटलेला सोडियम वाहून जाण्यास निचरा हवा. म्हणून शैवाले ही जिप्समची जागा घेणारी नव्हेत, तर त्याच्या सोबतीने राबणारी होत. खताचे पोते रिकामे झाले की संपते; हा मदतनीस मात्र जिवंत असल्यामुळे त्याला पाणी, ऊन व स्फुरद मिळेल एवढी काळजी शेतकऱ्यालाच घ्यावी लागते.